उतरणीवरचं घर्षण घरच्या फळीवर मोजा

भांडुप पश्चिमेला स्टेशनकडून डोंगराकडे चढत जाणाऱ्या गल्ल्यांत सिलिंडरची हातगाडी नेणारा माणूस जरा थांबून बघा. रस्ता रिकामा असला की तो गाडी सरळ वर न नेता नागमोडी नेतो. दम खायला थांबला की गाडी उताराला आडवी करतो आणि चाकाखाली विटेचा तुकडा सरकवतो. उतार, वजन आणि घर्षण यांचा हिशोब त्याच्या हातापायांत मुरलेला असतो. माझ्या अकरावीच्या मुलांना तोच हिशोब कागदावर सुटतो, पण फळीवर ठेवलेला ठोकळा कुठल्या उंचीला सरकेल हे विचारलं की सगळे गप्प.

हा लेख त्या मुलांसाठी आहे, त्यांच्या पालकांसाठी आहे आणि येत्या रविवारी ज्यांना कपाट टेम्पोत चढवायचं आहे त्यांच्यासाठीही. घर्षणाचा आकडा पुस्तकातल्या तक्त्यातून उचलू नका, एवढाच माझा आग्रह आहे. घर्षण कुठल्याही एका वस्तूचं नसतं, ते दोन पृष्ठभागांच्या जोडीचं असतं. त्यातही धूळ, तेल, ओल आणि पॉलिश यांनी ते बदलतं. तुमच्या फळीवरचा आकडा तुम्हालाच मोजावा लागतो, आणि ते काम अर्ध्या तासाचं आहे.

तयारी

एक मीटर लांबीची सरळ फळी घ्या. जुन्या कपाटाचा प्लायचा फळा असेल तर उत्तम. मीटरभरच का? तिच्यावर उंचीचे सेंटिमीटर म्हणजेच लांबीचे शेकडा भाग. शिवाय मीटर टेप, दोरीला नट बांधून केलेला ओळंबा, वह्यांचा गठ्ठा, एक विट आणि मुठीएवढा लाकडी ठोकळा लागेल. ठोकळ्याचा तळ घासून सपाट केलेला हवा. कोनमापक बाजूला ठेवा. घरगुती कोनमापकावर एका अंशाची चूक सहज होते. टेपने एक सेंटिमीटरची चूक करायलाही निष्काळजीपणा लागतो.

फळीचं खालचं टोक विटेला टेकवा, नाहीतर ठोकळ्याऐवजी फळीच लादीवरून मागे सरकते. फळी आणि ठोकळा दोन्ही कोरड्या फडक्याने पुसा. हातावरचा घाम किंवा डोक्याचं तेल फळीला लागलं की आकडा बदलतो. जुलैच्या दमट हवेतले आणि जानेवारीतले आकडे वेगळे येतात, म्हणून वहीत तारीख आणि हवा लिहून ठेवा.

पहिलं मोजमाप: ठोकळा कधी सुटतो

ठोकळा फळीच्या वरच्या भागात ठेवा, दर वेळी त्याच खुणेवर. वरच्या टोकाखाली एकेक वही सरकवत फळी उचला. शेवटी शेवटी वहीऐवजी पुठ्ठ्याचे तुकडे वापरा. प्रत्येक वेळी पाच सेकंद थांबा. ठोकळा आपणहून सुटला की वरच्या टोकाची जमिनीपासूनची उंची मोजा. मग तिथून ओळंबा सोडून तो जमिनीला टेकतो तिथपासून फळीच्या खालच्या टोकापर्यंतचं अंतर मोजा. हा पाया.

उंची भागिले पाया. झालं. हाच घर्षण गुणांक.

समजा, फळी १०० सेंटिमीटरची आहे आणि ठोकळा ३५ सेंटिमीटर उंचीवर सुटला. पाया ९३.७ भरतो. ३५ ÷ ९३.७ म्हणजे सुमारे ०.३७. इतक्या साध्या भागाकारातून गुणांक कसा मिळतो? उतरणीवर वजनाचे दोन वाटे होतात. एक वाटा उतारावरून खाली ओढतो. तो वजनाच्या ‘उंची ÷ लांबी’ पट असतो. दुसरा वाटा ठोकळ्याला फळीवर दाबतो. तो ‘पाया ÷ लांबी’ पट. घर्षणाची कमाल मर्यादा या दाबाच्या ठरावीक पटीत असते; ती पट म्हणजेच गुणांक. ठोकळा सुटण्याच्या क्षणी ओढ आणि मर्यादा बरोबरीला येतात. भागाकार केला की वजनही कटतं आणि लांबीही.

हे मोजमाप निदान सात वेळा करा. आकडे उतरत्या क्रमाने लावून मधला घ्या. सरासरीपेक्षा मधला आकडा बरा, कारण एखादवेळी कुणी दार आपटलं तर तो एक वाईट आकडा सरासरी बिघडवतो. माझी एक विद्यार्थिनी रुळांलगतच्या चाळीत राहायची. तिचे आकडे दर वेळी वर्गापेक्षा कमी यायचे. मी तिच्या घरी जाऊन बघितलं, तर फास्ट लोकल गेली की खिडकीच्या काचा वाजत आणि ठोकळा तेव्हाच सुटे. थरथरणाऱ्या फळीवर वस्तू लवकर सरकते. ती चूक नव्हती, तो त्या दिवसाचा सगळ्यात चांगला शोध होता.

इथे एक गैरसमज मुळापासून काढायला हवा. फळी २० सेंटिमीटरवर असताना एक किलोच्या ठोकळ्यावर घर्षण किती? मुलं गुणांक गुणिले दाब करतात आणि ३६६ ग्रॅम वजनाइतकं असं उत्तर देतात. चूक. ओढ २०० ग्रॅमची आहे, म्हणून घर्षणही २०० ग्रॅमचंच. स्थिर वस्तूवरचं घर्षण जेवढं लागेल तेवढंच उभं राहतं. ३६६ ही त्याची मर्यादा आहे. परीक्षेत सगळ्यात जास्त गुण याच एका ठिकाणी जातात.

वजन वाढवलं तर?

स्टीलचा छोटा डबा रिकामा ठेवून मोजा, मग तोच डबा तांदळाने भरून मोजा. जवळपास त्याच उंचीला घसरतो. घरातल्या मोठ्यांना आधी अंदाज करायला सांगा. निम्मे म्हणतील जड डबा लवकर घसरेल, निम्मे म्हणतील उशिरा. वजन दुप्पट झालं की ओढही दुप्पट होते आणि दाबही. फ्रान्सच्या गिओम आमोंतों यांनी १६९९ साली हे मांडलं: घर्षण दाबाच्या प्रमाणात असतं आणि टेकलेल्या क्षेत्रफळावर अवलंबून नसतं. त्यांच्या कितीतरी आधी लिओनार्दो दा विंची यांनी हेच आपल्या वह्यांत टिपून ठेवलं होतं. क्षेत्रफळाची खात्री करायची तर ठोकळा आडव्या बाजूवर आणि मग अरुंद बाजूवर ठेवून बघा. सगळ्या बाजू सारख्याच घासलेल्या हव्यात.

रबर मात्र हा नियम नीट पाळत नाही. ते दाबाखाली आकार बदलतं, आणि दाब वाढला की त्याचा गुणांक थोडा उतरतो. म्हणून चपलेचं मोजमाप करताना तिच्यावर वजन ठेवूनच करायचं.

अरुंद बाजूवर उभा केलेला ठोकळा कदाचित घसरणारच नाही, आधी कलंडेल. एकसारख्या भरलेल्या वस्तूसाठी हिशोब सोपा आहे: उताराच्या दिशेची रुंदी भागिले उंची. हा आकडा गुणांकापेक्षा लहान असेल तर वस्तू सरकण्याआधी उलटते. सहा सेंटिमीटर रुंद आणि वीस उंच डब्यासाठी तो ०.३ येतो; आपला गुणांक ०.३७, म्हणजे डबा कलंडणार. फ्रीज किंवा गोदरेजचं कपाट उभं ठेवून फळीवरून उतरवू नये ते यामुळेच. फळी जितकी खरखरीत, तितका कलंडण्याचा धोका जास्त.

दुसरं मोजमाप: सुटल्यावर काय

आता फळी थोडी खाली आणा. ठोकळा आपणहून हलत नाही, पण बोटाने हलकी टिचकी मारली की सुटतो. उंची कमी-जास्त करत अशी जागा शोधा, जिथे टिचकीनंतर ठोकळा ना वेग घेतो ना थांबतो, एका चालीने खाली येतो. समजा ही उंची २८ सेंटिमीटर. पाया बरोबर ९६. भागाकार ०.२९. हा गतिक घर्षणाचा गुणांक. आधीचा ०.३७ स्थितिक घर्षणाचा होता.

२८ आणि ३५ यांच्या मधल्या पट्ट्यावर मी वर्गात नेहमी जास्त वेळ देतो. या उंचीला ठोकळा शांत बसलेला असतो आणि बघणाऱ्याला वाटतं, बसला आहे म्हणजे सुरक्षित आहे. पण एक धक्का बसला की तो सुटतो, आणि सुटल्यावर थांबत नाही. वेग वाढतच जातो. उताराच्या गल्लीत रचून ठेवलेल्या फरश्या, गच्चीच्या उतरत्या पत्र्यावर ठेवलेली कुंडी, फळीवर मध्येच थांबवलेलं कपाट, ही सगळी याच पट्ट्यातली असू शकतात. ‘इतका वेळ हललं नाही’ हा त्यांच्याबाबत पुरावा धरू नका.

वेळ मोजून पडताळा

टिचकीच्या पद्धतीत नजरेचा भरवसा धरावा लागतो, म्हणून दुसऱ्या वाटेने तपासा. फळी ४० सेंटिमीटरवर ठेवा. ८० सेंटिमीटर अंतराच्या दोन खुणा करा. वरच्या खुणेवर ठोकळा अलगद सोडा आणि फोनवर व्हिडिओ घ्या. फोन सेकंदाला ३० चित्रं घेत असेल तर दोन खुणांमधली चित्रं मोजा. ३३ आली तर वेळ १.१ सेकंद.

अंतराची दुप्पट भागिले वेळेचा वर्ग: १.६ ÷ १.२१, म्हणजे त्वरण (वेग वाढण्याचा दर) दर सेकंदाला १.३२ मीटर प्रतिसेकंद. याला ९.८ ने, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या त्वरणाने भागा, ०.१३५ येईल. उंची ÷ लांबी ०.४ आहे, त्यातून हे वजा केलं की उरतात ०.२६५. याला पाया ÷ लांबी, म्हणजे ०.९१७ ने भागा. उत्तर ०.२९. टिचकीनेही तेच आलं होतं. दोन वेगळ्या वाटांनी एकाच आकड्याला पोचण्यातला आनंद मुलांच्या चेहऱ्यावर दिसतो, म्हणून ही पायरी गाळू नका. एक चित्र इकडेतिकडे झालं तर उत्तर साधारण ०.०१ ने हलतं. तेवढी अनिश्चितता वहीत लिहा. घर्षण मुळीच नसतं तर हाच ठोकळा ०.६४ सेकंदात खाली आला असता.

आता त्याच फळीवर ठोकळा खालून वर ढकलून सोडा. वर जाताना घर्षण खालच्या दिशेने असतं, म्हणजे उताराच्या ओढीला सामील. खाली येताना तेच उलटं फिरून वरच्या दिशेने होतं. आपल्या आकड्यांनी वर जातानाचं मंदन (वेग घटण्याचा दर) ६.५ येतं आणि खाली येतानाचं त्वरण १.३. म्हणून वर जायला लागतो त्याच्या सव्वादोन पट वेळ परत यायला लागतो, आणि ठोकळा निम्म्याहून कमी वेगाने हातात येतो. हवेत सरळ वर फेकलेल्या चेंडूची सवय असलेल्या मुलांना हे आधी पटत नाही. व्हिडिओ दाखवा.

कपाट चढवताना

टेम्पोचा पाटा जमिनीपासून ८० सेंटिमीटर, फळी दोन मीटरची, कपाट ६० किलोचं, गुणांक वरचेच. चढवायला सुरुवातीला सुमारे ४५ किलोचा जोर लागेल, एकदा हललं की ४०. म्हणून मध्येच थांबू नये. थांबलात की पुन्हा ४५. उतरवताना ते आपोआप घसरेल आणि एका चालीने आणायला ८ किलोचा रोध पुरेल. हात सुटला तर मात्र पायांवर येईल. उतरवताना खाली उभं राहू नका. वरून दोरीने धरा.

फळी चार मीटरची घेतली तर चढवायला सुरुवातीला ३४ किलो आणि हलल्यावर २९ पुरतात. उतरवताना कपाट आपणहून हलतच नाही, सुरुवातीला १० किलोने आणि हलल्यावर ५ किलोने ढकलावं लागतं. मला विचाराल तर घरच्या माणसांनी काम करायचं असेल तेव्हा लांब फळीच घ्यावी. एकूण मेहनत मात्र वाढते: ४० किलो दोन मीटरभर आणि २९ किलो चार मीटरभर, यात दुसरी बाजू जवळपास दीडपट भरते. हमाल आखूड फळी पसंत करतात त्याचं हे एक कारण. जोर फळीला समांतर लावा. वरून तिरकं दाबत ढकललं की दाब वाढतो आणि घर्षणही. फळी गुळगुळीत करायची तर मेणबत्ती घासा. उतरवताना जास्त पकड हवी असेल तर गोणपाट टाका, पण आधी कलंडण्याचा भागाकार करून बघा.

चाकं आणि बोरघाट

चाक लोळतं तेव्हा घासणं जवळजवळ संपतं, म्हणून खेळण्यातली गाडी एखाद्या वहीच्या उंचीवरही सुटते. पण चाक फिरायला घर्षण लागतंच. तेच चाकाला जमिनीवर धरून फिरवतं.

मुंबईकरांनी याचं सर्वात मोठं उदाहरण पुण्याला जाताना पाहिलेलं असतं. बोरघाटातून रेल्वे १८६३ साली सुरू झाली. घाटाचा कमाल उतार ३७ ला १, म्हणजे आपल्या मीटरभर फळीवर जेमतेम २.७ सेंटिमीटर. कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिनं लागतात, ती इतक्याशा उतारासाठी. कसाऱ्याहून इगतपुरीला जाताना थळ घाटातही तेच. हजार टनांची गाडी असेल तर नुसत्या उताराची ओढ २७ टन. १२० टनांच्या इंजिनाची कोरड्या रुळावर पकड साधारण ०.३ धरली तर ते ३६ टन ओढू शकतं. पावसात पकड निम्म्यावर आली की १८. इंजिनाची ताकद कितीही असो, चाकं जागच्या जागी फिरतील. म्हणून इंजिनं वाढवतात आणि चाकांपुढे रुळावर वाळू सोडतात. उतरताना ब्रेकसुद्धा याच पकडीच्या मर्यादेत काम करतात, त्यामुळे ताबा सुटलेल्या गाडीला वळवून चढावर नेणारे रूळ घाटात ठेवलेले आहेत.

पाणी

ओल्या फळीवर घर्षण कमीच होणार असं गृहीत धरू नका. सनमायकावर पाण्याचा थेंब टाकून प्लॅस्टिकचं हलकं झाकण ठेवा. ते चिकटून बसतं. जड वस्तू, साबण, शेवाळ आणि गुळगुळीत लादी एकत्र आली की मात्र पकड झपकन उतरते.

डोंगराच्या मातीतही पाणी घर्षणच कमी करतं. मातीच्या फटींत साठलेलं पाणी कणांना एकमेकांपासून दूर रेटतं, म्हणजे कणांमधला दाब घटतो आणि त्याबरोबर पकडही. जुलै २००० मध्ये घाटकोपरच्या आझाद नगरात दरड कोसळली, ती अशाच मुसळधार पावसात. डोंगरउतारावर राहणाऱ्यांनी संरक्षक भिंतीतले पाणी जायचे पाइप पावसाळ्याआधी मोकळे करून घ्यावेत. भिंतीमागे अडलेलं पाणी भिंतीला ढकलतं आणि मातीला सोडवतं.

शेवटचं मोजमाप: घरातल्या चपला

हे मी दर मे महिन्यात करतो. आमच्या इमारतीच्या दाराशी उतरण केली तेव्हा तिला गुळगुळीत लादी लावली गेली. उतार योग्य होता, १२ ला १, आणि ४५ सेंटिमीटरच्या जोत्यासाठी ५.४ मीटर लांबीही दिली होती. पहिल्याच पावसात आई तिथे घसरली आणि मनगट मोडलं.

त्याच जातीची ६० सेंटिमीटरची उरलेली लादी घ्या. तिच्यावर चपला ठेवून त्यात दोन किलो तांदळाची पिशवी ठेवा. कोरडी, ओली आणि साबणाचं पाणी लावलेली, अशा तिन्ही वेळा वरचीच कृती करा. आईची झिजलेली चप्पल साबणाच्या पाण्यावर १२ सेंटिमीटरला घसरली: १२ ÷ ५८.८, म्हणजे ०.२. सपाट जमिनीवर साधं चालताना टाच टेकण्याच्या क्षणी साधारण तेवढीच पकड लागते; १२ ला १ च्या उतारावरून उतरताना त्यात ०.०८ ची भर पडते. म्हणजे त्या चपलेने ती उतरण इतकी निसरडी असताना उतरणं शक्यच नव्हतं. खोल खाचांचा नवा तळ २७ सेंटिमीटरपर्यंत टिकला, ०.५.

हे आकडे मी सोसायटीच्या सभेत फळीसकट मांडले. उतरणीवर आडव्या खाचा असलेल्या खरखरीत पट्ट्या बसल्या, एका बाजूला कठडा आला. पट्ट्यांचा उरलेला तुकडा मी लादीवर चिकटवून मोजला. साबणाच्या पाण्यातही जुनी चप्पल २५ सेंटिमीटरच्या आधी सुटली नाही. तो तुकडा आणि ती लादी अजून घरात आहेत. येत्या पावसाआधी पट्ट्या किती झिजल्यात ते बघायला पुन्हा लागतील.